वरच्या मजल्यावरची टकटक

ताईचे पाय चालत नसले तरी तिच्या जिवावर कितीतरी लोकांची तोंडं चालत होती. हा विनोद तिचा स्वतःचाच. कवळ्या बनवणं हे तिचं काम. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि ती एका उंच इमारतीच्या सतराव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून, गुलाबी मेणात एकेक दात लावायची. कुणाचा सुळा जरासा वाकडा ठेवायचा, कुणाच्या पुढच्या दातांत किंचित फट सोडायची, म्हणजे कवळी परकी वाटत नाही, याचा अंदाज तिच्या बोटांत होता. टेबलावर बर्नरची निळी ज्योत असायची आणि बाजूला प्लास्टरचे पांढरे जबडे रांगेने मांडलेले. नवा माणूस खोलीत आला की आधी त्या जबड्यांकडे बघायचा आणि मग नकळत हळू आवाजात बोलायचा.

लहानपणी तापाने तिचे पाय गेले. शाळेचा वर्ग माडीवर होता, म्हणून थोरला भाऊ तिला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा. एकदा उतरताना त्याचा पाय सटकला आणि दोघं गडगडत खाली आली. भावाची हनुवटी फुटली, हिला काहीच झालं नाही. भाऊ एका शब्दानेही बोलला नाही, पण त्या दिवसापासून कुणी उचलायला आलं की ताईचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. पुढे भावाने तळमजल्यावरच घर घेतलं. लग्न झालं, वहिनी आली, आणि ताई व्हीलचेअरवरून आपली आपण कामावर जाऊ लागली. लिफ्ट होती, उतार होते. कुणी उचलायचा प्रश्नच उरला नव्हता. आगीचा सराव सोडला तर.

अधूनमधून इमारतीत हा सराव व्हायचा. भोंगा वाजायचा, लिफ्ट बंद व्हायच्या आणि सगळ्यांनी जिन्याने खाली जायचं. त्यांच्या मजल्याची जबाबदारी पॉलिशवाल्याकडे होती. हा एक गोलमटोल, मायाळू माणूस. एरवी कवळ्यांना चकाकी आणायचा आणि सरावाच्या दिवशी अंगात पिवळं जॅकेट चढवायचा. पहिल्या वेळी तो ताईच्या टेबलाशी येऊन घुटमळला.

"ताई, तुम्हाला कसं न्यायचं?"

"मला कशाला न्यायचं? सरावच आहे ना? तुम्ही जाऊन या. मी आहे इथे."

"खरी वेळ आली तर आम्ही आहोतच."

"हो, तेव्हाचं तेव्हा बघू."

त्याला हायसं वाटलं आणि तिलाही. भिंतीला काचेच्या पेटीत एक उतरवायची खुर्ची टांगलेली होती. पट्ट्यांची, घसरपट्टीसारखी जिन्यावरून सरकवायची. त्या पेटीचं कुलूप कुणी उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अशी ताई दर सरावाला एकटी मागे राहायला लागली. भरलेला मजला रिकामा होताना कसा वाटतो, ते तिला कळायला लागलं. आधी पावलांचा गलका जिन्यात शिरायचा आणि खाली खाली जात विरायचा. मग भोंगा थांबायचा. पॉलिशच्या मशीनचा पट्टा उरलेल्या वेगाने फिरत फिरत निपचित पडायचा. शेजारच्या ऑफिसात फोन वाजायचा, बराच वेळ, आणि मध्येच बंद व्हायचा. कुणाच्या तरी कपातला चहा अजून वाफाळत असायचा. माणसं आत्ता होती आणि आत्ता नाहीत, याचा म्हणून एक आवाज असतो. तो ऐकू यायला लागला की ताई उगीचच खुर्ची मागे भिंतीला टेकवून बसायची.

त्यातच एकदा टकटक ऐकू आली.

तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात आगीच्या पाण्याचा जाडजूड लाल नळ होता. जमिनीतून यायचा आणि छतात शिरायचा. भिंतीपलीकडे जिना होता आणि त्याच नळाची एक फांदी तिकडे निघालेली होती. टकटक त्या नळातून येत होती, वरून. टक. टक. टक. सावकाश. मग थांबणं. ते थांबणं ताईला जास्त खटकलं, कारण ते नुसतं थांबणं नव्हतं, वाट बघणं होतं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग खालून पावलांचा गलका चढत आला, लोक हसत-धापा टाकत परत आले आणि टकटक बंद झाली.

पुढच्या सरावाला पुन्हा. या वेळी तिने मेण कापायची सुरी उलटी धरली आणि मुठीने नळावर तसंच वाजवलं. वर क्षणभर काही नाही. मग उत्तर आलं, पण आता घाईघाईने, लागोपाठ, जणू कुणीतरी दोन्ही हातांनी नळाला बिलगलं असावं. ताईने सुरी खाली ठेवली. तिने नळाकडे तोंड करून हाक मारली, "कोण आहे वर?" पुन्हा ओरडून विचारलं. वर शांतता. हाकेला काहीच नाही. पण घाबरत घाबरत तिने एकदाच बोटाच्या पेराने नळ वाजवला, आणि लगेच वरून, अगदी तसंच, एकदाच.

तिने पॉलिशवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाण्याचा दाब असतो हो, ताई. नळ बोलतात."

"पाणी विचारलेल्याला उत्तर देतं का?"

तो तिच्या शब्दाखातर वरच्या मजल्यावर जाऊन आला. तिथे कापडाच्या व्यापाऱ्याचं ऑफिस होतं. छतापर्यंत नमुन्यांचे रॅक, टेबलं, चार-सहा माणसं. "सरावाला सगळे खाली येतात म्हणाले. वर कोणी थांबत नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही खाली चला ना आमच्याबरोबर. चौघं मिळून उचलू."

"नको," ताई म्हणाली. फार पटकन म्हणाली.

घरी वहिनीला सांगितलं तेव्हा वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "वन्सं, तुम्ही उत्तर देत जाऊ नका. आपण कुणाला ओ देतोय हे कळल्याशिवाय ओ देऊ नये."

"माणूस असेल तर?"

"माणूस असेल तर तोंडाने बोलेल."

ताईला ते पटलं. पुढच्या सरावाला टकटक आली तेव्हा तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वरून वाजत राहिलं. थांबून, वाट बघून, पुन्हा. शेवटी शेवटी इतकं हळू, की वाजतंय की आपल्याच कानात आहे ते कळेना. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावलं, असं काहीसं वाटत राहिलं.

मग एके दिवशी, भर सकाळी, भोंगा वाजला आणि तो सराव नव्हता.

सुरुवातीला कुणालाच कळलं नाही. लोक जांभया देत उठले. पॉलिशवाला जॅकेट शोधायला लागला. ताईने नेहमीसारखा हात हलवून त्यांना वाटेला लावलं. पावलं जिन्यात शिरली. पण या वेळी ती विरली नाहीत. खाली कुठेतरी अडली, एकदम ओरडा झाला आणि मग सगळी एकाच वेळी धावायला लागली. ताईला जळका वास आला. तिने आधी आपल्या बर्नरकडे बघितलं. बर्नर बंद होता.

खिडकीबाहेरून, काचेला लागून, करड्या धुराचा एक पदर सावकाश वर सरकत होता. घाई नसल्यासारखा.

तेवढ्यात पॉलिशवाला परत आला. जिन्यात उलटा चढत, सगळ्यांचे धक्के खात आला होता. "खालच्या एका मजल्यावर गोदाम पेटलंय. चला." त्याने तिची खुर्ची ढकलत जिन्याच्या जाड दारातून लँडिंगवर आणली आणि दार लावून घेतलं. इथे धूर नव्हता. बिन-खिडकीची जागा, डोक्यावर पांढरा दिवा, भिंतीत इंटरकॉमची जाळी, कोपऱ्यात तो लाल नळ. उतरवायची खुर्ची त्याने काच फोडून काढली होती, पण तिच्या पट्ट्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की सुटता सुटेनात. त्याने ती टाकून दिली आणि ताईच्या काखेत हात घातले. ताईचं अंग ताठ झालं. त्याला ती हलेना.

"सोड," ती म्हणाली. "एकट्याने होणार नाही. दोघंही पडू. खाली जा आणि बंबवाल्यांना सांग, सतरावा मजला, हा जिना. विसरू नकोस, हा जिना."

"तुम्हाला सोडून कसा जाऊ?"

"तू गेलास तरच कुणाला तरी कळेल."

तो रडत रडत उतरला. त्याची पावलं तिने ऐकू येईपर्यंत ऐकली. मग जिना रिकामा झाला. वरच्या पायरीवर कुणाची तरी चप्पल उलटी पडली होती. बंद दारापलीकडे, तिच्याच मजल्यावर, फोन वाजत होता. भिंतीतून लिफ्ट गेल्याचा घरघराट झाला, खाली, आणि थांबला. पांढरा दिवा एकदा मिणमिणला.

आणि नळ वाजला.

टक. टक. टक.

आज लँडिंगवर तो आवाज फार जवळचा वाटत होता, जणू नळाच्या आतच कुणी बसलं असावं. वहिनीचे शब्द आठवले. मग तिला वाटलं, जे काही वर आहे त्यालाही धुराचा वास येत असेल. तिने खुर्चीच्या ब्रेकचा दांडा नळाला टेकवला आणि वाजवलं.

वरून असं उत्तर आलं की नळ थरथरला. आता लय नव्हती, वाट बघणं नव्हतं. नुसतं आपटणं, आपटणं. ताई वाजवत राहिली. सावकाश, जसं तिथून पूर्वी यायचं तसं. हळूहळू वरचंही सावकाश झालं. दोघं एका लयीत आली. भीती गेली नाही, पण त्या भीतीला बसायला जागा मिळाली.

इंटरकॉमची जाळी खरखरली. तिने बटण दाबलं.

"कोण आहे? कोणता मजला?" खालून कुणीतरी विचारलं.

"सतरा. जिन्यात आहे. मी व्हीलचेअरवर आहे."

"कळलंय, बाई. आमची माणसं निघालीत. एकट्याच आहात का?"

"नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी आहे."

"वरचा मजला रिकामा झालाय. कापडवाले सगळे खाली उभे आहेत माझ्यासमोर."

"मग नळ कोण वाजवतंय?"

जाळी पुन्हा खरखरली. मग तो आवाज म्हणाला, "तुम्ही तिथेच थांबा." जसं काही ती जाणार होती.

बंबाचे दोन जवान आले ते आधी श्वासांनीच आले. मुखवट्यातून ओढून घेतलेला, यंत्रासारखा श्वास, पायरीमागून पायरी वर येणारा. चेहरे दिसत नव्हते, काचेत फक्त पांढरा दिवा दिसत होता. एकाने गुंतलेल्या पट्ट्या बघता बघता सोडवल्या, उतरवायची खुर्ची उलगडली आणि ताईला उचलायला वाकला. ताईने नळाला मिठी मारली.

"आधी वर जा."

"वर बघून झालंय, आई. आमच्या पोरांनी पलीकडच्या जिन्याने जाऊन दारातून हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही."

"हाकेला नाही देत ते. मीही मारली होती पूर्वी. ठोकलं तरच उत्तर देतं. हात लावून बघा."

त्याने हातमोजा काढला आणि नळावर पंजा ठेवला. ताईने एकदा वाजवलं. मुखवट्यातला श्वास एकदम थांबला. त्याने जोडीदाराकडे बघितलं, आणि जोडीदार वर गेला.

वरचं जाड दार उघडल्याचा आवाज आला. नळ अजून वाजत होता. मग अर्ध्यातच, एक ठोका होऊन दुसरा व्हायच्या आत, बंद पडला.

ताईला तो मधला वेळ पुढे आयुष्यभर सांगता आला नाही. ती एवढंच म्हणायची, "वाटलं, माझंच काहीतरी थांबलं."

मग पावलं उतरायला लागली. एक जड, बुटांची. दुसरी अनवाणी, चाचपडत येणारी. जवानाच्या खांद्याला धरून एक म्हातारा उतरत होता. काडीसारखा, धुराने काळवंडलेला. डोळे उघडे, पण कुठेच बघत नसलेले. मोकळा हात भिंतीवरून सरकत येत होता. तो हात नळाला लागला, नळावरून खाली उतरला आणि ताईच्या मुठीला लागला. म्हातारा थांबला. जवान ओढत होता तरी हलेना. त्याने तिची मूठ चाचपली, ब्रेकचा दांडा चाचपला आणि तिच्या हाताच्या पाठीवर, एका बोटाने, सावकाश वाजवलं.

ताईने नळ सोडला. तिला पट्ट्यांत बसवलं, पाठीमागे कलतं केलं आणि जिना तिच्याखालून धडधडत वर जायला लागला. सबंध वाटभर ती छताकडे बघत होती आणि तिचं अंग, कधी नव्हे ते, सैल पडलं होतं.

खाली आल्यावर उलगडा झाला. म्हातारा कापडवाल्याचा सख्खा मामा. आधी डोळे गेले, मग हळूहळू कानही. पण बोटं अजून अशी तल्लख, की कापडातला एक चुकलेला धागा त्याला कळायचा. म्हणून भाच्याने रॅकमागे त्याला एक टेबल दिलं होतं, नळाच्या कोपऱ्यात. सरावाला खाली न्यायचं तर मामा गोंधळतो, म्हणून त्याला बसवूनच ठेवायचे. कुणी विचारलं तर "सगळे आलो" म्हणायचे, कारण त्यात मामा धरायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. आज प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने त्याला आणलं असेल. भाचा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून हे सांगत होता आणि त्याचे दात वाजत होते. ताईने त्याला काही बोल लावला नाही. भावाची फुटलेली हनुवटी तिला आठवली.

महिनाभराने इमारत उघडली. ताई लिफ्टने वर जायला लागली, मामांकडे. त्यांच्या तळव्यावर बोटाने मोठी अक्षरं काढायची आणि ते तोंडाने उत्तर द्यायचे. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज सपाट होता, दुरून वाचून दाखवल्यासारखा. भोंगा वाजला की जमीन बारीक थरथरते आणि मग माणसांच्या पायांची थरथर संपते, ते म्हणाले. सगळं निपचित झालं की मी नळ धरून बसायचो. पहिल्यांदा खालून उत्तर आलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. खाली कोण असणार?

"आणि मी एकदा उत्तर दिलं नाही तेव्हा?" तिने तळव्यावर लिहिलं.

"तेव्हा जास्त घाबरलो."

दोघं हसली. मग मामांनी मान तिच्याकडे वळवली, जरा चुकीच्या बाजूला. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही दोघी होतात का?"

"दोघी?" तिने लिहिलं.

"एक खालून वाजवत होती. आणि एक वरून."

ताईने बोट उचललं ते तसंच राहिलं. शेवटी तिने लिहिलं, "खालून मी. वरून कोण?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," मामा म्हणाले.

मामांच्या वरचा मजला भाड्याने गेलेलाच नव्हता. ताईने मॅनेजरच्या मागे लागून तो उघडून घेतला आणि स्वतः बघायला गेली. सिमेंटची पोती, छतातून लोंबणाऱ्या वायरी, आणि जमिनीवर सारखी पसरलेली धूळ. धुळीवर पावलं नव्हती. कोपऱ्यात लाल नळ छतात शिरत होता. मॅनेजर म्हणाला की आगीत लोखंड तापतं, फुगतं, आवाज करतं. तसं असेलही. ताईने वाद घातला नाही. तिने नळ वाजवून पाहिला. खालून मामांचं उत्तर आलं, तसं ठरलंच होतं. वरच्या बाजूने काही आलं नाही. ती जरा वेळ थांबली, मग निघाली.

पण त्या भेटीत तिने मॅनेजरकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. आता दर सरावाला ताईला पट्ट्यांच्या खुर्चीतून खाली आणतात. पॉलिशवाला आणि आणखी तिघं शिकून तयार झालेत, आणि उतरताना तो तिच्यापेक्षा जास्त घामाघूम होतो. मामांना भाचा स्वतः हाताला धरून आणतो. आणि इमारत रिकामी झाली की एक वॉचमन सगळे मजले चढतो. नुसत्या हाका मारत नाही, प्रत्येक मजल्यावर लाल नळ वाजवतो, त्यावर हात ठेवून थांबतो आणि मगच पुढे जातो.

पहिल्या फेरीनंतर तो खाली आला तेव्हा ताई आणि मामा फाटकाशी होते. मॅनेजरने विचारलं, "काय रे, आहे का कोणी?"

"नाही साहेब. कोणी नाही," तो म्हणाला. मग टोपी काढून कपाळ पुसत म्हणाला, "पण पुढच्या वेळी माझ्याबरोबर आणखी एक माणूस द्या."

मॅनेजर म्हणाला, देऊ. का हवा, ते त्याने विचारलं नाही. मामांनी तळवा पुढे केला, काय म्हणाला ते विचारायला. ताईने त्यावर "कोणी नाही" एवढंच लिहिलं, आणि वॉचमनला म्हणाली, "बस जरा. पाणी पी."